पेण-रोह्याच्या ताटात दूध कधीपासून?

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतून शनिवार-रविवारची सुट्टी साधून रायगड जिल्ह्यातल्या पेणला किंवा रोह्याला मित्रांकडे उतरणारा पाहुणा व्हीगन असला, म्हणजे मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि मध हे प्राण्यांपासून मिळणारे सगळेच पदार्थ वर्ज्य मानणारा असला, तर त्याच्याविषयीचे एक मत आता इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कुणाला वाटत नाही. हे मत असे की व्हीगन आहार हे परदेशातून आलेले शहरी खूळ आहे; जिथे मासळीशिवाय जेवण पुरे होत नाही आणि शाकाहारी हॉटेलात पनीरशिवाय भाजी दिसत नाही, तिथे असा हट्ट धरणे म्हणजे यजमानाला वेठीस धरणे आहे; आणि ज्याला रायगडचे अन्न चालत नाही त्याने रायगडात जेवायला येऊच नये. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या जुन्या स्वयंपाकात दुधाला स्थान अगदी थोडे होते आणि आजही थोडेच आहे. व्हीगन पाहुण्याची गैरसोय होते ती हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर गेल्या काही दशकांत येऊन बसलेल्या पदार्थांमुळे, आणि हेच पदार्थ आता ‘इथले अन्न’ म्हणून पुढे केले जातात.

कोणत्याही प्रदेशाचे अन्न तिथली जमीन, पाणी आणि जनावरे ठरवतात, आणि या तिन्हींचा कौल इथे स्पष्ट आहे. पेणच्या पश्चिमेचा खारेपाट, म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेला भातशेतीचा आणि मिठागरांचा सखल पट्टा, आणि रोह्याकडचे कुंडलिकेचे खोरे ही दोन्ही मुळात भाताची भूमी आहे. पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल, हे इथले पीकचक्र. घराभोवती नारळ, परसात अळू, केळ आणि शेवगा, रानात कोकमाची झाडे. मुसळधार पावसात आणि डोंगरउतारावर तग धरणारी कोकणची गावठी जनावरे, ज्यांना आता ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे, अंगाने लहान, काटक आणि दुधाला बेताची. ती पाळली जात ती मुख्यत्वे चिखलणीसाठी, नांगरासाठी आणि खतासाठी. वासराचे पोट भरल्यावर उरणाऱ्या दुधात सणाचे तूप आणि लहान मुलाची वाटी निघे, रोजच्या स्वयंपाकाला पुरेल इतके दूध निघत नसे. म्हणून ज्या कामाला देशावरच्या किंवा उत्तरेकडच्या स्वयंपाकात दही, साय किंवा लोणी येते, त्या कामाला इथे नारळाचा रस आला. आमटीला दाटपणा त्याने आणायचा, गोडाला स्निग्धता त्याने द्यायची आणि जेवणाच्या शेवटी पोट निववायचे तेही त्यानेच, कारण सोलकढी म्हणजे नारळाच्या रसात कालवलेले कोकमाचे आगळ.

या स्वयंपाकाची सर्वांत चांगली साक्ष वालाच्या बिरड्यात मिळते. रोहा, पेण, चौल या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांनी हा पदार्थ नावारूपाला आणला असला तरी आज तो कुणा एका जातीचा राहिलेला नाही. कडवे वाल रात्रभर भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी निथळून फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून अलगद बाहेर काढायचा. दाणा दुभंगला तर बिरड्याचे पिठले होते म्हणून हे काम घाईने होत नाही आणि घरातली दोन-तीन माणसे परातीभोवती बसली तरच ते लवकर उरकते. तेलात मोहरी, हिंग, हळद आणि हिरवी मिरची, त्यावर सोललेले वाल, मंद आचेवर झाकण ठेवून आलेली वाफ, शेवटी आमसूल, गुळाचा खडा, नारळाचा रस आणि कोथिंबीर. या संपूर्ण कृतीत दुधाचा थेंब नाही, तुपाची धार नाही आणि त्यांची उणीव भासेल अशी जागाही नाही. सोबत तांदळाची भाकरी असते, जी उकळत्या पाण्यात पीठ घालून काढलेल्या उकडीची, हातावर थापलेली आणि तव्यावर पाण्याचा हात फिरवून भाजलेली असते. जे जेवण व्हीगन पाहुण्याला ‘मिळूच शकत नाही’ असे सांगितले जाते ते हे जेवण आहे.

पोपटीबद्दलही हेच म्हणता येते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात शेताच्या कडेला पोपटी लागते, आणि शहरांतल्या मित्रमंडळींना पेण-रोह्याकडे ओढून आणणारे हिवाळ्यातले मोठे निमित्त तेच असते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, बटाटे, रताळी, कांदे असे थर, तोंडाशी पुन्हा पाल्याचा घट्ट बोळा. मग मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या आणि वाळकी लाकडे रचून जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही; शेंगांतली ओल आणि पाल्याचा वास यांवरच सारे शिजते, आणि तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारल्यावर ते चर्र आवाज करून क्षणात सुकले की पोपटी झाली असे जाणती माणसे ओळखतात. आता त्यात मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी घालतात, आणि फार्महाऊसच्या जाहिरातींत तर पोपटी म्हणजे कोंबडीच अशी समजूत रूढ होत आहे. परंतु पोपटी होते ती वालाच्या हंगामात, मडके भरते ते शेंगांनी, आणि कोंबडी न घातलेल्या पोपटीला कुणी अपुरी म्हणत नाही. व्हीगन पाहुण्यासाठी एक मडके वेगळे लावावे लागते, एवढीच काय ती यजमानाची तोशीस.

पेणच्या बाजाराची कीर्ती गणपतीच्या मूर्तींच्या खालोखाल ज्या वस्तूंवर उभी आहे, त्यांतही दूध नाही. पेणचे पोहे, पोह्यांचे पापड, मिरगुंडे आणि कुरडया या सगळ्या धान्याच्या, मिठाच्या आणि उन्हाच्या वस्तू आहेत, आणि पेणहून परतणाऱ्याच्या पिशवीत त्याच असतात. पावसाळ्याच्या तोंडाशी डोंगरातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या बाया पेण आणि रोह्याच्या बाजारात शेवळे घेऊन बसतात. जमिनीतून वर येणारे हे कोंब खाजरे असल्याने त्यांच्याबरोबर काकडाची आंबट फळेही विकतात, कारण काकड घातल्याशिवाय शेवळाची खाज मरत नाही. पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी येतात. या भाज्यांची पाककृती सांगणाऱ्या बाईच्या तोंडी तेल, मीठ, मिरची, कांदा आणि फार तर ओले खोबरे एवढीच नावे असतात.

इतके म्हटल्यावर प्रतिपक्षाचा सर्वांत खरा मुद्दा टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रायगड हा मासळी खाणारा जिल्हा आहे. आगरी आणि कोळी समाजांचे जेवण, आणि बहुसंख्य इतर घरांचेही, मासळीभोवती फिरते, आणि ताजी मासळी नसते तेव्हा सुकी असते. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, आणि जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोळंबी, ही इथे भाजीची चव वाढवणारी जिन्नस म्हणून वापरतात: वांग्यात सोडे, शेवळात सोडे, वालात सोडे, पातीच्या कांद्यात जवळा. म्हणून भाजीचे नाव ऐकून व्हीगन पाहुण्याने निश्चिंत होणे बरोबर नाही. पण मासळी ताटात वेगळी दिसते, सोडे भाजीत दिसतात, त्यांचा वास लपत नाही आणि विचारले तर कुणी खोटे सांगत नाही, कारण सोडे घालणे ही लपवण्याची बाब नसून प्रतिष्ठेची आहे. तुपाचे तसे नाही. वरणाच्या फोडणीत, भातावर, पोळीच्या घडीत, मोदकाच्या उकडीत, शिऱ्यात, उपम्यात ते न सांगता येते आणि विचारले तर ‘तूपच तर आहे’ असे उत्तर मिळते. व्हीगन माणसाला बाहेर जेवताना फसवते ते हेच न मोजले जाणारे दूध.

हे न मोजले जाणारे दूध आले कुठून, याचा इतिहास फार जुना नाही. १९५०-५१ साली भारताचे वार्षिक दूध उत्पादन सुमारे १ कोटी ७० लाख टन होते. १९७० मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ‘ऑपरेशन फ्लड’ ही योजना, जी दुधाचा महापूर या नावाने ओळखली जाते, सुरू केली. १९९८ च्या सुमारास भारत जगातला पहिल्या क्रमांकाचा दूध उत्पादक झाला आणि २०२३-२४ मध्ये उत्पादन २३ कोटी ९० लाख टनांच्या घरात गेले. म्हणजे लोकसंख्या साधारण चौपट होत असताना दूध चौदापट झाले. हे वाढलेले दूध घाटावरून आणि गुजरातेतून पिशव्यांत भरून कोकणात उतरते, आणि त्याच्या मागोमाग लोणी, चीज, मलई आणि पनीर उतरतात. महामार्गावरच्या आणि स्टेशनजवळच्या शाकाहारी हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर आज पनीर टिक्का, पनीर मसाला, पनीर भुर्जी, मलई कोफ्ता, दाल मखनी आणि बटर नान यांची जी लांबलचक यादी दिसते, तिच्यात पेण तालुक्याचे काही नाही आणि रोहा तालुक्याचेही काही नाही. वालाचे बिरडे त्या यादीत क्वचितच असते. परदेशी आणि शहरी असल्याचा आरोप ज्याच्यावर करायचा तो आहार आणि ज्याच्या नावाने करायचा तो ‘स्थानिक’ मेन्यू यांची अशी अदलाबदल झाली आहे.

यात कायद्यानेही भर घातली आहे. वेष्टनावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची खूण म्हणून लहान मुलालाही ठाऊक असतो. पण अन्नसुरक्षा नियमांतल्या मांसाहाराच्या व्याख्येतून दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि मध हे शब्द घालून वगळलेले असल्याने हिरव्या ठिपक्याच्या आत तूपही बसते आणि मधही. व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये लागू केले, त्यांचे वेगळे चिन्हही ठरले. परंतु ते चिन्ह पाकिटावर छापायचे असते, हॉटेलच्या ताटावर नाही. पेणच्या किंवा रोह्याच्या हॉटेलात शिरणाऱ्या पाहुण्यापुढे फक्त दोनच पाट्या असतात: ‘शुद्ध शाकाहारी’ आणि ‘शाकाहारी व मांसाहारी’. या दोहोंतली पहिली पाटी आपल्यासाठी आणि दुसरी आपल्याविरुद्ध, असे मानणारे व्हीगन पाहुणे बरेच आहेत, आणि त्यांची ही चूक वेळीच दुरुस्त होणे आवश्यक आहे.

मच्छी-भाकरीच्या खाणावळीत व्हीगन माणसाचे पोट बहुधा ‘शुद्ध शाकाहारी’ हॉटेलापेक्षा अधिक नीट भरते. तिथे तांदळाची भाकरी असते, भात असतो, बहुतेक दिवशी वालाची किंवा चवळीची उसळ असते, कांदा आणि लोणचे असते, नारळाच्या रसाची सोलकढी असते. विचारायचे असते ते एवढेच की उसळीत सोडे किंवा जवळा आहे का, आणि कढीत ताक मिसळले आहे का. उलट ‘शुद्ध शाकाहारी’ हॉटेलात ताटातल्या प्रत्येक वाटीविषयी वेगळी चौकशी करावी लागते: रश्शात साय आहे का, काजूच्या वाटणाला लोणी लावले आहे का, कोशिंबीर दह्यातली आहे का, पोळीला तूप आहे का. या निरीक्षणाला एक सामाजिक बाजूही आहे आणि ती आडून सांगण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ‘शुद्ध’ या विशेषणाने कुणाचे अन्न आणि पर्यायाने कुणाची माणसे अशुद्ध ठरवली, हे सर्वांना माहीत आहे. व्हीगन आहाराचा विटाळाशी काही संबंध नाही. प्राण्याच्या वापराला असलेला तो विरोध आहे, शेजारी बसून बोंबील खाणाऱ्या माणसाला नव्हे. म्हणून व्हीगन पाहुण्याने कोळणीच्या खाणावळीत, तिच्याच तव्यावरची भाकरी, तिच्याच पंगतीत बसून खावी, आणि वेगळ्या भांड्यांची मागणी करू नये. जो अशी मागणी करतो तो जुन्याच सोवळ्याला नवे नाव देतो, आणि त्याच्याविषयी गावात रोष असेल तर तो रास्त आहे.

व्हीगन विचार परदेशी आहे या आरोपात एवढे तथ्य आहे की या नावाची संस्था १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केली. पण प्राण्याच्या श्रमाचे आणि दुधाचे अन्न नाकारणे ही कल्पना रायगडच्या घरांना नवी नाही. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमी येते, आणि त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काहीही खायचे नाही असा दंडक आहे. नांगरलेल्या शेतातले धान्य चालत नाही. हाताने खणून, परसात लावून वाढवलेल्या अळू, सुरण, भेंडी, पडवळ, लाल माठ, अंबाडी, मक्याची कणसे अशा भाज्या एकत्र शिजवून ‘ऋषीची भाजी’ करायची आणि तीच खायची. ज्या पेणच्या कार्यशाळांतून गणपती देशभर आणि देशाबाहेर जातात, तिथल्या घरांतही चतुर्थीच्या मोदकांनंतर दुसऱ्या दिवशी हीच भाजी होते. व्रताच्या कथेत या नियमाचे कारण प्राण्याविषयीची करुणा असे सांगितलेले नाही, तिथला विचार विटाळाचा आहे, आणि तो आज कुणी स्वीकारावा असाही नाही. तरीही वर्षातला एक दिवस जनावराला जुंपून पिकवलेले अन्न ताटाबाहेर ठेवता येते आणि त्यावाचून स्वयंपाक अडत नाही, हे या घरांनी शेकडो वर्षे करून दाखवले आहे. चातुर्मासाच्या नेमांत श्रावणात पालेभाज्या, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल, म्हणजे डाळी-कडधान्ये, सोडण्याची परंपरा आहे. जी आजी आश्विनात दुधाला शिवत नसे तिला कुणी परदेशी खुळाची म्हटले नाही.

याहून जवळचे उदाहरण मोहनदास करमचंद गांधी यांचे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले, आणि गाई-म्हशींचे दूध अखेरच्या थेंबापर्यंत काढण्यासाठी कलकत्त्यात चालणाऱ्या फुक्यासारख्या क्रूर प्रकारांची माहिती आधीच मिळालेली असल्याने तो निश्चय त्यांच्या दृष्टीने व्रतच झाला. १९१८-१९ च्या दीर्घ आजारात प्रकृती सुधारावी म्हणून ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या माथेरानला गेले, तिथले जड पाणी मानवेना म्हणून आठवडाही न राहता मुंबईला परतले, आणि डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर भरणार नाही असे सांगितल्यावर, कस्तुरबांनी सुचवल्यावरून, शेळीचे दूध घेऊ लागले. व्रत करताना आपल्या मनात गाय आणि म्हैसच होती ही सबब शब्दाला धरून असली तरी व्रताचा आत्मा त्यात हरवला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे आणि ही सल त्यांना पुढेही सोडून गेली नाही. गांधींना दूध सोडणे शेवटी जमले नाही, हा व्हीगन विचाराच्या विरोधातला पुरावा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात त्यातून दिसते ते हे की दूध निष्पाप आहे का, हा प्रश्न भारतीय सार्वजनिक जीवनातल्या सर्वांत मोठ्या माणसाने लंडनमध्ये व्हीगन संस्था निघण्याच्या तीन दशके आधी स्वतःच्या शरीरावर सोडवून पाहिला होता.

दूध निष्पाप आहे, गाय ते आनंदाने देते, वासराचे पिऊन उरलेलेच आपण घेतो, ही समजूत गावठी गाय दारात बांधलेली असताना कदाचित खरी असेल. पिशवीतल्या दुधाविषयी ती खरी नाही. दूध हवे तर दरवर्षी वेत हवे, आणि वेतात जन्मलेली निम्मी वासरे नर असतात. पूर्वी त्यांचे बैल होत. आता चिखलणी पॉवर टिलर करतो. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे नको असलेला गोऱ्हा विकताही येत नाही आणि पोसताही येत नाही, असा पेच शेतकऱ्यापुढे उभा राहिला. म्हशीला ही बंदी लागू नाही. रेडकू आणि भाकड म्हैस कत्तलखान्यात जातात, आणि भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे तो याच दुधाच्या धंद्याच्या आधारावर. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबा भावे यांचे नाव गोभक्तीच्या बाजूने नेहमी घेतले जाते. विनोबा व्हीगन नव्हते आणि त्यांना तसे ठरवण्याचा प्रयत्न या लेखात होणार नाही. परंतु त्यांच्या सांगण्यावरून १९८२ मध्ये मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला, याचा अर्थ दूध देऊन झालेल्या जनावराची वाट कुठे जाते हे त्यांना नीट माहीत होते. विनोबांनी ती वाट कत्तलखान्याच्या दाराशी अडवायचा मार्ग धरला. व्हीगन माणूस ती स्वतःच्या पेल्याशी अडवतो. दोघांच्या उपायांत अंतर आहे, दुखण्याच्या निदानात नाही.

यजमानाच्या अपमानाचा आक्षेप उरतो, आणि भावनेच्या दृष्टीने तोच सर्वांत जड आहे. सुट्टीत आलेल्या मैत्रिणीच्या भातावर तूप वाढताना ‘घरचं कढवलेलं आहे, एवढं तरी घे’ असे म्हणणाऱ्या काकूंच्या हातात जिव्हाळा असतो, आणि ती धार नाकारली की काहीतरी तुटल्यासारखे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या महाराष्ट्रात संकष्टीला भगर वेगळी होते, एकादशीला साबुदाणा भिजतो, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगे बंद असणाऱ्या सासूबाईंसाठी वेगळी फोडणी पडते, मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळी येत नाही आणि श्रावण लागला की कोळीवाड्याशेजारचीही कितीतरी घरे महिनाभर मासे सोडतात, त्या महाराष्ट्रातल्या यजमानाला पाहुण्याचे पथ्य पाळणे अवघड जाते असे म्हणणे हाच खरे तर यजमानाचा अपमान आहे. देवासाठी सोडलेले चालते, मधुमेहासाठी सोडलेले चालते. जनावरासाठी सोडलेले तेवढे चालत नाही, याला तर्काचा आधार नाही. प्रसादाचा प्रसंग मात्र नाजूक असतो. गणपतीत दारी आलेल्याच्या हातावर पंचामृत ठेवले जाते, ज्यात दूध, दही, तूप, मध हे सारेच असते. तिथे वाद घालू नये, ओंजळ कपाळाला लावून शेजारच्याला द्यावी, आणि खोबऱ्या-गुळाची खिरापत मागून घ्यावी, जी त्याच ताम्हणाशेजारी असते आणि तितकीच प्रसाद असते.

खर्चाचा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो, कारण बदामाचे दूध आणि सोयाचे पनीर या महाग वस्तूंवाचून व्हीगन जेवण होत नाही हे शहरी दुकानदाराचे म्हणणे आहे. वाल, तांदूळ, नारळ आणि रानभाजी यांच्या बळावर होणारे जेवण पनीरच्या भाजीपेक्षा स्वस्त पडते. सकाळी तेलातले कांदेपोहे किंवा वडापाव, दुपारी भाकरी-उसळ, संध्याकाळी कोरा किंवा गवती चहा आणि कोकम सरबत, यावर रविवार निघून जातो. ब-१२ या जीवनसत्त्वासाठी व्हीगन माणसाला गोळी घ्यावी लागते हे खरे आहे आणि ते त्याने लपवू नये. पण तो वर्षभराच्या आरोग्याचा विषय आहे, दोन दिवसांच्या पाहुणचाराचा नाही.

व्हीगन पाहुण्यांचे वर्तन मात्र निर्दोष नसते, आणि प्रतिपक्षाच्या रागाचे बरेचसे मूळ तिथे आहे. आदल्या दिवशी फोन न करता ऐन पानावर बसल्यावर नियम सांगणे, डब्यात शहरातून आणलेले पाकिटबंद खाणे काढून यजमानाच्या ताटाकडे पाठ फिरवणे, भल्या पहाटे होडीवर गेलेल्या माणसाला मासेमारीच्या क्रौर्यावर प्रवचन देणे, हे सारे टाळता येण्याजोगे आहे. मासळीवर पोट असलेल्या समाजाला दोष देण्याआधी पेल्यातल्या दुधाचा हिशेब मांडावा, कारण तो खाणाऱ्याच्या स्वतःच्या हातातला आहे. पाहुण्याने एवढेच सांगावे: तूप, दही, ताक, अंडी नको, सोडे, जवळा नको, तेलातले सगळे चालेल. हे वाक्य पेणमधल्या कोणत्याही आचाऱ्याला समजते, आणि ‘व्हीगन’ हे नाव उच्चारण्याचीही गरज पडत नाही.

उरते ते पेण आणि रोह्याच्या हॉटेलमालकांना एक मागणे. महामार्गाने, पनवेल-रोहा गाडीने, कोलाडच्या नौकानयनासाठी आणि पालीच्या बल्लाळेश्वरासाठी येणारे लोक दर आठवड्याला तुमच्या दारात उतरतात, आणि पनीर त्यांना त्यांच्या घराखालच्या हॉटेलातही मिळते. मेन्यूकार्डावर दोन ओळी वाढवा: कोणती भाजी तुपा-लोण्याशिवाय मिळेल आणि कोणती सोडे-जवळ्याशिवाय मिळेल. शाकाहारी थाळीत तांदळाची भाकरी, सोलकढी आणि वालाचे बिरडे रोज ठेवा. वाळवलेले कडवे वाल तुमच्याच बाजारात बारा महिने मिळतात.